आपला पिक्चर

वाईट सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत. वाईट सिनेमा पाहिला की माणूस बाहेर येऊन दोन शिव्या हासडतो, समोरच्या गाड्यावर भजी खातो आणि घरी पोचेपर्यंत विसरूनही जातो. एका सिनेमावरचा माझा राग मात्र इतक्या वर्षांनंतरही उतरलेला नाही. तो काही लहानसहान सिनेमा नव्हता. जगभर गाजलेला, कॉलेजच्या पोरींनी वेड लागल्यासारखा पुन्हा पुन्हा पाहिलेला. रक्त पिणारा एक देखणा मुलगा आणि त्याच्यावर जीव टाकणारी एक साधी मुलगी. माझ्या वर्गातल्या निम्म्या जणींच्या मोबाइलवर त्या मुलाचा फोटो होता. मीही त्या सिनेमाची चातकासारखी वाट बघत होते, खोटं कशाला बोलू. पण माझ्याहूनही जास्त वाट बघत होती ती ताई.

ताई म्हणजे माझ्या थोरल्या काकांची मुलगी. काका पिशोरला शेती करायचे. बाबा नोकरीमुळं शहरात आलेले आणि आम्ही हर्सूलला राहायचो. तेव्हा शहराला आम्ही औरंगाबादच म्हणायचो. बारावी झाल्यावर ताई आमच्याकडे आली ती नर्सिंगला नंबर लावायला. पहिल्या वर्षी तो थोडक्यात हुकला. काका म्हणाले, परत ये. ताई म्हणाली, अजून एकदा बघते. शेवटी माझ्या आईनं मधे पडून तिला ठेवून घेतलं. ताई दिसायला गरीब गाय, पण एकदा मनात घेतलं की सोडायची नाही. शेजारच्या आजींना रोज इन्शुलिन टोचायचं काम तिनं आपणहून अंगावर घेतलं होतं. आजी म्हणायच्या, पोरीचा हात लागलेला कळतसुद्धा नाही. ते ऐकलं की ताई दिवसभर खुशीत असायची.

त्या दिवसांत लोडशेडिंग भयंकर होतं. दुपारी जेवणं आटोपली की लाइट जायची ती उन्हं कलल्याशिवाय यायची नाही. टीव्ही बंद, पंखा बंद, आई जिन्याखालच्या गारव्यात आडवी झालेली. अशा वेळी मी ताईला त्या सिनेमाची गोष्ट सांगायचे. सिनेमा आपल्याकडे यायला अजून अवकाश होता, पण ज्या जाडजूड इंग्रजी पुस्तकावर तो काढला ते एका मैत्रिणीकडे होतं आणि मी ते वाचायला आणलं होतं. मी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी कळायचं, पण परीक्षेतल्या गाळलेल्या जागांसारखं. मधले मधले शब्द निसटून जायचे. त्या जागा मी माझ्या मनानं भरायचे आणि गोष्ट पुढं रेटायचे. डिक्शनरी उघडायचा मला मनस्वी कंटाळा.

पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. व्हॅम्पायर म्हणजे काय ते तिला सांगता येईना.

“मुंजा का?” ताईनं विचारलं.

“मुंजा नाही गं. मुंजा पिंपळावर असतो. हा शाळेत जातो.”

“मग खवीस?”

“खवीस काय! देखणा आहे तो.”

“देखणा हाय आन् रक्त पितो,” ताई म्हणाली. “बरं. पुढं सांग.”

पुढं असं होतं की त्या मुलानं माणसाचं रक्त प्यायचं सोडलेलं असतं. तो जनावरांवर भागवतो. आणि जिच्यावर त्याचं प्रेम बसतं, नेमका तिचाच वास त्याला सहन होत नाही, इतकी त्याची भूक खवळते. मी हे सांगितलं आणि गवार निवडणारा ताईचा हात थांबला.

“म्हंजी त्याचा उपास हाय,” ती म्हणाली. “आपल्याला कशी भगर चालती, तसं त्याला जनावराचं चालतं.”

मी म्हटलं, असंच काहीतरी.

“आमची माय बघ चतुर्थीला. सगळ्यांच्या भाकरी थापती, वांग्याला फोडणी देती, घरभर वास सुटतो. तोंडाला पाणी सुटत असंल का नाय तिच्या? पण कुणाला कळू देती का? उपाशी माणसाला लई लांबून वास येतो.” आणि मग आपल्याशीच बोलल्यासारखं, “चांगला हाय की मग पोरगा.”

त्या दिवसापासून आमच्यात त्याला ‘उपाशी’ असं नाव पडलं. लाइट गेली की ताई गवार नाहीतर तांदळाचं ताट घेऊन बसायची आणि विचारायची, “काय म्हणतो उपाशी आज?” लेखिकेला जे पानंच्या पानं लिहून सांगावं लागलं ते ताईला एका वाक्यात कळलं होतं, असं मला अजूनही वाटतं.

मला स्वतःला त्याचे डोळे, त्याची गाडी, त्याचे कपडे यात रस. ताईला यातलं काही नको. तिचे प्रश्न वेगळेच. त्याच्या घरचे काय म्हणतात? तिला पुढं शिकायचं असलं तर हा काय करणार? गोष्टीतल्या मुलीला त्याच्यासारखं व्हायचं असतं, कायमचं त्याच्या घरात जायचं असतं. आणि तो म्हणतो, इतक्यात नको, आधी तुझं शिकून होऊ दे. असं एक पानभर बोलणं पुस्तकात होतं. त्यातलं मला निम्मंच लागलं, पण ‘थांबू’ एवढं नक्की कळलं. मी ते ताईला रंगवून रंगवून सांगितलं. भूक मारून तो तिच्यासाठी थांबतो, म्हटलं.

“किती दिवस?”

“तिचं होईपर्यंत.”

“आन् तवर फुगून बसत नाय? टोमणे मारत नाय?”

“नाही.”

तो भाग ताईनं मला पुन्हा सांगायला लावला. पुढंही कित्येकदा लावला. दर वेळी मी त्यात थोडी भर घालत गेले, आणि शेवटी शेवटी तर उपाशी तिला स्वतः कॉलेजात सोडायला जायचा आणि ती आत जाईपर्यंत फाटकाशी उभा राहायचा. नंतर इंग्रजी सुधारल्यावर मी ते पुस्तक पुन्हा वाचलं. त्यात फाटक नव्हतं की सोडायला जाणं नव्हतं. माझी गोष्टच बरी होती, हे मत मी अजून बदललेलं नाही.

गणपतीच्या आधी ताईची सुपारी फुटली. मुलगा करमाडचा, शेंद्र्याच्या एका कंपनीत मशीनवर काम करणारा. घरची शेती, माणसं बरी. काकांनी आम्हाला न विचारता होकार कळवून टाकला म्हणून आई दोन दिवस घुश्शात होती, पण मुलगा पाहिल्यावर तीसुद्धा म्हणाली की नाव ठेवायला जागा नाही. ताईलाही तो आवडला. पाहायला आला तेव्हा त्यानं ‘स्वयंपाक येतो का’ हे विचारलं नाही. ‘नर्सिंगचं काय झालं?’ असं विचारलं. ताईनं सांगितलं, नंबर नाय लागला. तो विषय तिथंच संपला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर धरलं.

आणि दसऱ्याच्या तोंडावर तिचा नंबर लागला. सरकारी नर्सिंग कॉलेज, तीन वर्षं, होस्टेलातच राहायचं. दिवाळीची सुट्टी संपली की जाऊन प्रवेश पक्का करायचा. बातमी कळली तेव्हा ताई आधी आनंदानं ओरडली आणि मग भिंतीला टेकून खाली बसली.

आमच्याकडे एकदा सुपारी फुटली की मुलीकडच्यांनी ‘तारीख पुढं ढकला’ म्हणायची सोय नसते. म्हटलं की समोरचे समजतात, पोरीत काहीतरी खोट आहे, नाहीतर दुसरं मोठं स्थळ आलंय. काकांनी शब्द दिलेला. तो मागं घेतला असता तर पिशोरात त्यांना मान वर करून चालणं मुश्किल झालं असतं. मुलानं मात्र म्हटलं की नोकरी पक्की होऊ द्या, जरा थांबू, तर मोठी माणसं काही बोलत नाहीत. मुलगा थांबला तर समजूतदार, मुलगी थांबली तर संशय. हा कायदा कुणी केला देव जाणे, पण तो सगळ्यांना तोंडपाठ होता. म्हणजे ताईचं नर्स होणं त्या एका मुलाच्या तोंडून निघणाऱ्या एका वाक्यावर येऊन अडलं होतं.

ताईनं काकांना काही सांगितलं नाही. माझ्या आईला सांगितलं. आई म्हणाली, “त्यानं होऊन थांबायचं काढलं तर पुढचं मी बघते. पण तू फोनवर असलं काही बोलू नको बाई. त्या घरात एकच फोन, सगळ्यांच्या हातात फिरतो. कोण ऐकंल, काय अर्थ काढंल, काही नेम नाय.”

त्याच आठवड्यात सिनेमा लागला. हिंदीत डब होऊन, मॉलमधल्या थिएटरात. गच्चीवर वाळलेले कपडे काढताना ताई मला म्हणाली, “ह्यांना दाखवायचा का गं?”

“काय?”

“उपाशी.”

मला आधी हसू फुटलं. मग तिनं समजावून सांगितलं तेव्हा ते पळालं. बोलायला सुरुवात कुठून करायची हेच तिला कळत नव्हतं. सिनेमात तो मुलगा थांबतो. ते एकदा डोळ्यांनी बघून झालं की बाहेर येऊन एवढंच विचारायचं, ‘तुम्ही थांबला असता का असं?’ ते हो म्हणाले की पुढचं आपोआप येईल. “आन् नाय म्हणले, तर मी पिक्चरचंच विचारत होते म्हणायचं,” ती म्हणाली. “त्यांचा बी मान राहतो, आपला बी.” मला ती अक्कल फारच थोर वाटली. माझ्यासारख्या बारावीतल्या पोरीला याहून जास्त काय कळणार, पण आजही वाटतं की तिच्या जागी दुसरी कुणी असती तर तिला एवढंही सुचलं नसतं.

सुपारीनंतर मुलामुलीनं एकदा बाहेर जाऊन येणं तेव्हा आमच्यात नुकतंच सुरू झालं होतं, पण मुलीची धाकटी बहीण बरोबर हवीच. आईनं गोड बोलून काकांची परवानगी काढली आणि निघताना मला बजावलं, “तू मधी बसायचं.”

“अगं पण आई...”

“मधी.”

होणारे दाजी आमच्या आधी येऊन उभे होते. कडक इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून चापून बसवलेले. मला म्हणाले, “मेहुणीबाई, तुमच्या कृपेनं आमचं नशीब उघडलं.” इंग्रजी पिक्चर त्यांनी थिएटरात कधी पाहिला नव्हता.

“भुताचा हाय म्हणं?” त्यांनी ताईला विचारलं.

“भुताचा नाय,” ताई म्हणाली. “बघा तर तुम्ही.”

हे ती इतक्या भरवशानं म्हणाली की तो आवाज आठवला तरी मला आज त्रास होतो.

सिनेमा सुरू झाला आणि थोड्याच वेळात मला कळलं की घात झालाय. उपाशी आला. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखं पांढरं तोंड, लाल ओठ, केस असे की नुकताच झोपेतून उठवून आणलाय. मुलीकडे बघायचा तर पोटात कळ आल्यासारखा. भूक कुठं दिसेचना. माझ्या गोष्टीतला उपाशी तिच्यापासून तोंड फिरवायचा तेव्हा त्याचे हात थरथरायचे. हा नुसता मान तिरकी करून उभा. वरून त्याला हिंदी आवाज दिलेला, तो साबणाच्या जाहिरातीतला. मागच्या रांगेतली पोरं मोकाट सुटली. वयच न वाढणारा, शंभरी उलटलेला हा मुलगा वर्गात बाकावर बसलेला दिसला तेव्हा एक जण ओरडला, “अबे, और कितनी बार फेल होगा?” सगळं थिएटर खदखदून हसलं. दाजीही हसले. छद्मीपणानं नव्हे, जत्रेत माणूस हसतो तसे मोकळेपणी. दुसऱ्या कुठल्याही दिवशी मीही हसले असते.

ताई हसत नव्हती. माझ्या डाव्या हाताला ती पदर मुठीत धरून बसली होती आणि तो भाग यायची वाट बघत होती. मला तिच्याकडे बघवेना.

मध्यंतरात मी मुद्दाम उठले. बाहेर जाऊन हात धुतले, परत धुतले, भिंतीवरची पुढच्या सिनेमांची पोस्टरं वाचली. येऊन बघते तर दोघं माझी खुर्ची मधे रिकामी ठेवून तशीच बसलेली. दाजींनी पॉपकॉर्न आणलं होतं. तो पुडा माझ्या खुर्चीवर ठेवून दोघं दोन बाजूंनी एकेक दाणा उचलत होती, हाताला हात लागणार नाही असं बघून. ताईनं मला डोळ्यांनीच सांगितलं, अजून नाही.

मग तो भाग आला. आला आणि गेला. पुस्तकातलं पानभर बोलणं सिनेमावाल्यांनी एका वाक्यात उरकलं, आणि तेही मागं वाजणाऱ्या संगीतात कुणाला ऐकू आलं नाही. त्याच्या जागी काय दाखवलं, तर ती मुलगी. आईबापाचं घर सोडते, शाळा सोडते, मैत्रिणी सोडते, आणि बर्फात त्याच्यापुढं उभी राहून रडत सांगते की मला दुसरं काही नको, आत्ताच्या आत्ता मला घेऊन चल. तो नको म्हणतो तर तोच दुष्ट वाटावा असं सगळं घडवलेलं. शेवटी तो तिला नेतो, आणि वाद्यं अशी वाजतात की लोकांनी टाळ्या पिटाव्यात. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या.

माझं जे मोडलं त्याचं काही नाही. त्या वयात असलं एखादं स्वप्न रोज मोडतं. पण ताईनं आपलं सगळं शिक्षण त्या सिनेमावर लावलं होतं, आणि सिनेमा उलट बाजूनं साक्ष देऊन मोकळा झाला. एवढा मोठा खर्च करून, एवढी माणसं कामाला लावून, ज्या एका गोष्टीसाठी तो मुलगा आम्हाला आवडला तीच त्यांनी काढून टाकली होती. तेव्हा मला नुसता संताप आला. नंतर त्याचं दुःख झालं, आणि ते कायमचं राहिलं.

बाहेर रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाची गाडी होती. दाजी आम्हाला तिथं घेऊन गेले. ग्लास हातात धरून, मान तिरकी करून त्यांनी उपाशीची अशी हुबेहूब नक्कल केली की रसवालाही हसायला लागला. ताई आपल्या ग्लासाकडे बघत होती.

“मला एक विचारायचं होतं,” ती म्हणाली.

दाजी हसायचे थांबले. ग्लास त्यांनी गाडीवर ठेवला. “विचार ना.”

मी रस्त्याकडे तोंड फिरवलं. चरकाची घुंगरं तेवढी वाजत होती.

“पिक्चर कसा वाटला?” ताईनं विचारलं.

“भंकस,” दाजी म्हणाले. मग तिला वाईट वाटेल असं मनात आलं असावं, कारण लगेच म्हणाले, “पण पोरगी लई जिवाची दाखवलीय. एका माणसापायी सगळं सोडून निघाली. असं कोण करतं आजकाल?”

“व्हय,” ताई म्हणाली.

परतताना रिक्षात मी तिच्या मागं लागले. अजून वेळ गेलेली नाही, म्हटलं, उद्या विचार, परवा विचार, मी त्यांना निरोप देते. ताईनं सगळं ऐकून घेतलं.

“काय विचारू?” ती म्हणाली. “त्यांना ती पोरगी आवडली.”

दिवाळी झाली. प्रवेश घ्यायची मुदत ज्या दिवशी संपली त्याच दिवशी आम्ही सगळे गुलमंडीला लग्नाचा बस्ता बांधायला गेलो. दुकानदार साड्यांवर साड्या उलगडत होता आणि ताई सगळ्यांच्या आवडीनिवडी विचारून एकेक बाजूला काढत होती. ती रडली नाही. रुसलीही नाही. दुपारी कॉलेजची वेळ संपली असेल तेव्हा तिनं एकदा दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि सासूसाठी काढलेल्या साडीचा रंग फार गडद तर नाही ना, असं आईला विचारलं. आई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

ताईचं वाईट झालं असं कुणी म्हणणार नाही, आणि हीच तर अडचण आहे. दाजी माणूस म्हणून सोन्यासारखे. कधी चढा आवाज नाही, व्यसन नाही. कंपनीतून आले की तिच्याबरोबर गोठ्यात उभे राहतात. दोन मुलं गुणी निघाली. ते वाईट असते तर आम्हाला कुणालातरी शिव्या घालता आल्या असत्या. तशी सोय नाही म्हणून मी त्या सिनेमाला घालते.

मधे आईचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा ताई करमाडहून येऊन दवाखान्यात राहिली. नर्स सलाइन बदलायला आली की ही खुर्चीवरून उठायची आणि हात मागं बांधून बघत उभी राहायची. एका सकाळी एका शिकाऊ पोरीला आईची शीर सापडेना. ताईचा हात आपोआप पुढं गेला आणि वाटेतच थांबला. तिनं तो मागं घेतला, पदराला पुसला. आईनं ते पाहिलं आणि डोळे मिटून घेतले. सुईला भिऊन नव्हे, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

मागच्या महिन्यात एका रविवारी मी करमाडला गेले होते. जेवणं झाली होती, मुलं बाहेर गेलेली. दाजी टीव्हीचे चॅनल बदलत पडले होते. एकदम उठून बसले आणि ओरडले, “अगं ये, ये लवकर! आपला पिक्चर लागलाय!”

मी वळून बघते तर पडद्यावर उपाशी उभा, मान तिरकी करून.

ताई हात पुसत आली आणि त्यांच्या शेजारी बसली. तेव्हा मला उलगडलं की त्या घरात हा ‘आपला पिक्चर’ आहे. दोघांनी मिळून पाहिलेला पहिला. कधीही लागला की दाजी हाक मारतात, ती हातातलं टाकून येते आणि दोघं तो शेवटपर्यंत बघतात. इतकी वर्षं. मला हे तिनं कधी सांगितलं नव्हतं.

“भंकस हाय,” दाजी मला कौतुकानं म्हणाले, “पण आपला हाय.”

जाहिराती लागल्या तसा त्यांनी आवाज बारीक केला.

“मेहुणीबाई, आता सांगायला काय हरकत नाय. त्या दिवशी मी लई भिऊन आलो होतो बघा. हिचा नर्सिंगला नंबर लागला हे मला कळलं होतं.”

ताईनं मान वळवली नाही.

“आमच्या शिफ्टमधल्या एकाची बहीण बी लागली होती, तो बोलला. मला वाटलं, ही आता म्हणती, थांबा. मी ठरवूनच आलो होतो, हो म्हणायचं. आमच्या वडलांना काय सांगायचं ते बी घोकून ठेवलं होतं. नोकरी पक्की व्हऊ द्या, मग बघू.”

“मग तुम्हीच का नाही काढलंत?” माझा आवाज चढला असावा.

“मी कसं काढू? सुपारी फुटल्यावर पोरगाच थांबू म्हणला तर पोरीच्या मनात काय येईल? ह्याला मी नको झाले.” ते मोकळेपणी हसले. “रसाच्या गाडीवर हिनं तोंड उघडलं तसा मी ग्लास खाली ठेवला. आन् हिनं विचारलं काय, तर पिक्चर कसा वाटला! तवा कळलं, हिला थांबायचंच नाय. त्या पिक्चरमधल्या पोरीवानी हिला बी लगेच यायचंय. इतकं बरं वाटलं मला. घरापत्तोर गाडीवर गाणी म्हणत आलो.”

टीव्हीवर कुणीतरी भिंतीला रंग लावत होतं. ताई ते मन लावून बघत होती.

“चहा ठेवते,” ती म्हणाली आणि उठली.

मी तिच्या मागं स्वयंपाकघरात गेले. तिनं गॅस पेटवला, पाणी ठेवलं, साखर घातली. माझ्याकडे पाठ होती.

“ताई, तुला हे माहीत होतं?”

“नाय,” ती म्हणाली. डब्याचं झाकण लावायला तिला वेळ लागला. “आत्ताच कळलं.”

मी म्हटलं, मी सांगते त्यांना. तू काय विचारणार होतीस ते त्यांना कळायलाच पाहिजे. मी दाराकडे वळले तर तिनं माझं मनगट धरलं. घट्ट धरलं.

“नको,” ती म्हणाली. “त्यांना वाटतंय त्यांनी माझ्या मनासारखं केलं. राहू दे तसंच.”

तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. बाहेरून दाजींची हाक आली, “अगं ये की! शेवटचं आलं, ती निघाली बघ घर सोडून!”

“आले हो,” ताई म्हणाली. गॅस बारीक करून तिनं पदरानं तोंड पुसलं, बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसली. मी चहापाशी उभी राहिले.